सुभेदारांचा प्रसाद

आमचे सुभेदार भुंकत नसत, खाकरत. दाराशी कुणी आलं की घशातून एकच घोगरा आवाज काढायचे आणि आमच्याकडे वळून पाहायचे; पुढचं तुम्ही बघा. जातीने मिनिएचर श्नाउझर. झुपकेदार पांढऱ्या मिशा, दाढी, डोळ्यांवर उतरलेल्या भुवया. इथे परदेशात, टॅम्पिनीसमधल्या आमच्या सरकारी इमारतीत ठरावीक लहान जातींचा एकच कुत्रा पाळता येतो, त्यातून माझ्या लेकीने, इराने, हा निवडला आणि नाव ठेवलं कोको. पुढे सासूबाई गेल्या आणि माझे सासरे, आबा, पुण्याहून आमच्याकडे राहायला आले. दारात चप्पल काढता काढता त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "अगं मेधा, कोको काय म्हणता यांना? हे तर सुभेदार!" तेव्हापासून कोणी कोको म्हणून हाक मारली, तर स्वारी मान वळवण्याचीही तसदी घेईना.

आबा त्यांना अहोजाहो करत. "सुभेदार, चला, पाय मोकळे करू," म्हटलं की दोघे निघाले. लिफ्टमध्ये कुत्र्याला बिचकणारं कोणी शिरलं, तर सुभेदार आपण होऊन कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्कच झाले. शेजारची चिनी आंटी तर दर वेळी म्हणे, "वा, युअर डॉग सो पोलाइट आह!" त्यावर आबा तिला शुद्ध मराठीत सांगत, "संस्कार आहेत हो." तिला काय कळे कोण जाणे, पण ती जोरजोरात मान हलवायची.

सासूबाईंच्या जाण्याबद्दल आबा आमच्याशी कधी बोलले नाहीत. सुभेदारांशी बोलत. दुपारी मी घरून काम करत असले की बाल्कनीतून त्यांचा आवाज यायचा, "आज हिचा वाढदिवस असता, सुभेदार. श्रीखंड झालं असतं." सुभेदार त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून पडलेले. मी कानाला हेडफोन लावून घ्यायची.

खाण्याच्या बाबतीत आम्ही फार कडक. चॉकलेट नाही, कांदा नाही, हाडं नाहीत. आबांना ते कोरडं डॉगफूड बघवत नसे. "खडे घालता रे यांना!" असं ते माझ्या नवऱ्याला, समीरला, ऐकवत. पण नियम कधी मोडला नाही. पोळीचा तुकडासुद्धा विचारून देत.

आणि मग आम्ही सत्यनारायण घातला. आम्हाला पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्याचं निमित्त. आमच्या ओळखीतली मराठी मंडळी आली, मुलं आली, मुलांचे फोनही आले. कथा सुरू झाली आणि सुभेदार आबांशेजारी येऊन बसले, ते आरती होईपर्यंत हलले नाहीत. माणसं चुळबुळत होती, दोघे-तिघे तर फोन घ्यायला बाहेर जाऊन आले. सगळ्यांना केवढं कौतुक!

शिरा समीरच्या हातचा. तूप सुटलेला, केळं घातलेला. मी आत वाट्या भरत होते आणि बाहेरून ऐकू येत होतं, "अहो, एवढी कथा ऐकली त्यांनी, प्रसाद नको?" प्रसादाला आपण खाण्यात धरतच नाही. एरवी चहातसुद्धा साखर न घेणारी माणसं प्रसाद म्हटला की हात पुढे करतात. न घेता उठायचं नाही आणि कुणाला तसं उठू द्यायचं नाही. आबांच्या कवळीत बेदाणे अडकतात. मी बाहेर आले तेव्हा वाटीतला एकेक बेदाणा वेचून ते सुभेदारांना भरवत होते आणि इरा शेजारी बसून खुदुखुदु हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार ओकले. तूप बाधलं असणार, म्हणून आम्ही दहीभात दिला. तो त्यांनी हुंगलासुद्धा नाही. संध्याकाळी पाण्याकडेही पाहीनात, तेव्हा समीर आणि मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगत गेले: रवा, तूप, साखर, दूध, केळं, वेलची. त्या मान डोलावत होत्या. मग मी म्हटलं, रेझिन्स. त्यांची मान थांबली.

बेदाणे! माझा विश्वासच बसेना. आजाऱ्याला भिजवून देतात, पोरांच्या मुठीत ठेवतात, ते बेदाणे? द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी नुसतीच बघत राहिले. सलाईन लावलं, सुभेदारांना तिथेच ठेवून घेतलं. घरी येऊन आबांना आम्ही एवढंच सांगितलं, किडनीचा त्रास आहे. इरालाही तेच.

पूजेला आलेल्यांना मी फोन केले. कोणी किती दिलं, हे डॉक्टरांना हवं होतं. जो तो म्हणे, "छे, मी फक्त चमचाभर." त्या दिवशी घरात जमलेल्या झाडून सगळ्या माणसांनी सुभेदारांना चमचाचमचा भरवलं होतं. इतक्या प्रेमाने कोणी कोणाला मारतं का? मला अजून तो प्रश्न पडतो.

औषधांचा काही उपयोग होईना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना भेटायला बोलावलं. सुभेदारांनी आबांना पाहून शेपटी हलवायला घेतली, ती अर्ध्यावरच राहिली. आबा त्यांच्या मिशा पुसत राहिले. बाईंचं भरभर इंग्रजी त्यांना झेपत नसे, म्हणून ते इराला म्हणाले, "विचार त्यांना बाळा, काही खाण्यातून झालं का?"

इराने विचारलं. बाई तिच्यासमोर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "येस, स्वीटी. द रेझिन्स."

पोरीला हे पहिल्यांदाच कळत होतं, तेही असं. तिने एकदा सुभेदारांकडे पाहिलं, एकदा आबांच्या हातांकडे. मग म्हणाली, "नाही आबा. म्हातारे झालेत ना ते, म्हणून झालं, असं म्हणतायत." इवलीशी माझी पोर. हे तिला कुणी शिकवलं?

आबा म्हणाले, "असं होय." थोड्याच वेळात त्यांच्या मांडीवर सुभेदार गेले.

पुढचं सगळं उरकायला समीर थांबला, इरा त्याला चिकटून बसली. मी आबांना घेऊन टॅक्सीने निघाले. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मेधा," ते म्हणाले, "रेझिन म्हणजे काय, तेवढं कळतं गं मला."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"इराला सांगू नकोस हं. तिला वाटू दे, मला नाही कळलं."