मोजणी पुरी झाली

आमची सून म्हणते, "बाबा, तुम्ही गप्पा मारत नाही, रिपोर्ट देता." सव्वीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला मुलाकडे असतो. रिपोर्ट तर रिपोर्ट.

रोज सकाळी युनिव्हर्सिटीच्या बाजूने चालायला जातो. गेल्या महिन्यात लायब्ररीसमोर एक आफ्रिकन पोरगा टेबल मांडून उभा होता. मागे फलक: आमच्या देशात खुल्या निवडणुका हव्यात, जगाने दबाव आणावा. देशाचं नाव वाचलं आणि पाय थांबले. तिथे मी शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून ड्यूटी केली होती. पोराचं नाव सॅम्युएल. केमिस्ट्रीत पीएच.डी. करतो. रूममेट पुण्याचे, म्हणून मला थेट 'काका' म्हणाला.

"काका, शनिवारी आमची मीटिंग आहे. तुम्ही या, बोला. दबावाने काही होतं का, असं लोक विचारतात."

"बघू," मी म्हटलं. फौजी माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, गडी टाळतोय.

देशाचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या ड्यूटीच्या वेळचेच राष्ट्राध्यक्ष अजून खुर्चीत आहेत आणि सॅम्युएलची आई तिथेच राहते. तेव्हाही ते खुर्चीला चिकटलेलेच होते. परदेशांनी मदत अडवली, तेव्हा कुठे निवडणुकीला तयार झाले. पेपरात याला आंतरराष्ट्रीय दबाव म्हणतात. आमच्या वाट्याच्या गावात तो दबाव म्हणजे एक जीप, एक रेडिओ सेट आणि मी धरून सहा जण.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ब्रीफिंग झालं. कंपनी कमांडरनी स्पष्ट सांगितलं, "मतपेटी आपली नाही. तिला हात लावायचा नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल तरच हत्यार."

मतदान गावच्या शाळेत होतं. तिथल्या मास्तरीणबाई, मादाम रूथ, केंद्राच्या प्रमुख. दिवस शांततेत गेला. दुपारी मतदान संपलं आणि मोजणी तिथेच सुरू झाली. त्यांची रीत अशी, की बाई एकेक मतपत्रिका उंच धरून दाखवणार आणि खिडक्यांशी जमलेलं सगळं गाव आकडा मोठ्याने म्हणणार, आपल्याकडे पोरं पाढे म्हणतात तसं. माझ्या हाताखालचा नायक महादेव शिंदे, कोरेगावकडचा, तोंडाने भारी. म्हणाला, "साहेब, आपल्या ग्रामपंचायतीत ही पद्धत आणली तर निम्मे सरपंच घरी बसतील."

आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे बंदूकवाले दोन पिकअपमधून उतरले. गाव गप्प झालं. त्यांचा म्होरक्या आत आला. "पेटी द्या. बाकी मोजणी राजधानीत होईल."

मी सेट उचलून कंपनीला कॉल दिला. "टायगर, टायगर थ्री. हत्यारबंद लोक पेटी मागतायत. ऑर्डर्स? ओव्हर."

"टायगर थ्री, वेट. आउट."

वेट! तो माणूस टेबलापासून चार पावलांवर, आणि पेटी तर आमची नाही. बाईंनी पेटीवर दोन्ही हात टाकले. हलल्या नाहीत.

महादेव हळूच म्हणाला, "साहेब, पेटी आपली नाही. पण बाई आपल्या आहेत ना?"

"आहेत."

तो जाऊन बाईंच्या पुढ्यात उभा राहिला. रायफल खाली, पण बोट ट्रिगर गार्डवर. आता पेटी न्यायची तर आधी बाईंना ओढायला हवं होतं, आणि त्याआधी महादेवला. म्होरक्याला ते समजलं. शिव्या घालत तो बाहेर गेला. मला वाटलं, सुटलो.

गोळी खिडकीतून आली. महादेवला बुलेटप्रूफ जॅकेटच्या खाली, पोटात लागली. बाहेरच्या माझ्या जवानांनी फायर उघडला आणि पिकअप धुरळा उडवत पळाल्या. मी हेलिकॉप्टर मागवलं. महादेव पाणी मागत होता. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नसतं, दिलं नाही.

बाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग उठल्या, पुढची मतपत्रिका उचलली आणि आकडा स्वतःच म्हणाल्या. पुढचा आकडा दोन-चार जणांनी म्हटला. त्याच्या पुढचा सगळ्या गावाने. हेलिकॉप्टर आलं तेव्हा मोजणी संपली होती आणि महादेवही.

त्या गावात राष्ट्राध्यक्ष हरले होते. राजधानीतून मात्र त्यांचाच विजय जाहीर झाला. परदेशांनी चिंता व्यक्त केली. बाईंचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

पार्थिव घेऊन मीच कोरेगावला गेलो. महादेवच्या बायकोने, सुनंदावहिनींनी विचारलं, "कशापायी गेले?"

"लोक मतं मोजत होते. त्यांच्यासाठी."

"मग मोजणी पुरी झाली का?"

"झाली, वहिनी."

त्या मान हलवून आत गेल्या. त्या दिवशी मी फौजेत आल्यापासून पहिल्यांदा रडलो, सगळ्यांदेखत.

सॅम्युएलच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, इथून वहिनींना फोन लावला. म्हटलं, त्या देशाची पोरं बोलवतायत, जाऊ का?

"जावा की भाऊजी. अन् ह्यांचं नाव नीट सांगा. परदेशी माणसं वाकडंतिकडं म्हणतील, दोनदा सांगा."

शनिवारी गेलो. चाळीसेक माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. जे इथे लिहिलं तेच सांगितलं. दबावाने काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तेही सांगून टाकलं. शेवटी नाव घेतलं. "नायक महादेव शिंदे." थांबलो, पुन्हा घेतलं.

तिसऱ्यांदा ते सगळ्या हॉलने म्हटलं. मोठ्याने, एका सुरात, आणि बरोबर.