झोपलेल्या खोक्याला धाडलेला निरोप

मी माहेरची धुळ्याकडची, म्हणून असोद्यात एवढी वर्षं काढूनही माझ्या तोंडातलं ‘आहे’ला ‘शे’ म्हणणं काही गेलं नाही. सून हसते, "अक्का, तुम्ही मोबाईललासुद्धा अहिराणीत दटावता." दटावते तर! शेतातलं निम्मं पाणी आता त्याच्यातूनच सुटतं.

आमच्या केळीच्या ठिबकला प्रत्येक तुकड्याला एक व्हॉल्व्ह, अन् व्हॉल्व्हवर डब्याच्या झाकणाएवढं एक खोकं. वायर नाही, चार सेलवर वर्ष काढतं. निम्मी खोकी एका कंपनीची, निम्मी दुसरीची, पण हुकूम सगळ्यांना तेच ठरलेले: उघड, बंद, कसा आहेस सांग. मुलाने बसवून दिलं, शिकले मात्र मी माझी मीच, बटणं दाबून दाबून. त्याने एकच गोष्ट माझ्याकडून घोकून घेतली होती. "आई, सेल वाचावे म्हणून ही खोकी झोपलेली असतात. दर दोन मिनिटांनी डोळा उघडतात अन् मोटरच्या खोलीतल्या मोठ्या डब्याला विचारतात, माझ्यासाठी निरोप आहे का? तोवर निरोप डब्यात थांबतो. एकदा दिलेला परत घेता येत नाही."

तर झालं असं. आदल्या दिवशी विहिरीकडच्या तुकड्याच्या नळ्यांत ॲसिड सोडलं होतं. छिद्रांत क्षार बसतो, तो त्याने सुटतो. दुसऱ्या दिवशी आधी नळ्यांची टोकं मोकळी करायची, लांब व्हायचं, अन् मगच व्हॉल्व्ह उघडून आतलं पाणी जोरात बाहेर काढायचं. टोकं मोकळी करायला सून गेली होती. ते काम उकिडवं बसून, नळीवर तोंड वाकवूनच होतं. मुलगा जामनेरला गेलेला. मी घरी ओट्यावर लसूण सोलत होते. पंप चालू होता, रस्त्याकडची केळी भिजत होती. आता मधल्या तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडावा म्हणून रोजच्या सवयीने दाबलं, ‘गट दोन, उघड’.

अन् हातातला लसूण खाली पडला. गट दोनमध्ये मधला तुकडा होता, अन् विहिरीकडचाही! दोन्हींची लागवड एकाच आठवड्यातली, म्हणून एकाच गटात घातलेले. त्या हुकमाला काय ठाऊक, नळीवर कोणाचे डोळे वाकलेत?

मी झटकन ‘बंद’ दाबलं. दाबल्यावर आठवलं, निरोप रांगेत लागतात. खोकं आधी उघडणार, मग बंद होणार. मधल्या वेळात एक पिचकारी पुरे होती. सुनेला फोन लावला, तर तो घरातच वाजला, चार्जिंगला लावलेला. शेत इतकं लांब की हाक मारून उपयोग नव्हता. किती वेळ गेला, किती उरला, काही कळेना. खोकं पुढच्याच क्षणी डोळा उघडेल, नाहीतर दीड मिनिटाने.

मी स्वतःशीच बोलले, "येडी शे का तू? झोपेल शे त्याच्या मागे काय लागतेस? जागं कोण शे?"

पंप! पंपाच्या खोक्याला लाईट जोडलेली, ते झोपतच नाही. हुकूम तोच, ‘बंद’. दाबला. मोबाईलवरचा पाण्याच्या दाबाचा आकडा हळूहळू उतरायला लागला, चुलीवरचं दूध खाली बसावं तसा. शून्यावर येतो न येतो तोच त्याच्याखाली उमटलं, विहिरीकडचा व्हॉल्व्ह उघडला.

तरी माझा त्या आकड्यावर विश्वास बसेना. चप्पल न घालताच निघाले. बांधावरून दिसली, पाठमोरी, हलत नव्हती. मी तशीच धावत सुटले.

"अक्का, पंप का बंद केला?" मागं न बघताच ती म्हणाली. "अन् हे बघा, टोकातून थेंब गळायला लागलेत."

मी तिचं तोंड धरून दोन्ही डोळे पाहिले. मग बठ्ठं सांगितलं, काहीच लपवलं नाही. तिने हातातलं नळीचं टोक खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे सासूने सुनेला जाळायचं नवीन तंत्र निघालं म्हणा!" मला हसू येईना, रडूच आलं.

आता आमच्याकडे नेम आहे. नळ्यांपाशी बसणारीने आधी त्या बंद व्हॉल्व्हच्या खोक्यातले चारही सेल काढायचे. ती ओढणीत बांधते, मी पदरात. काम आटोपून लांब उभं राहिल्याशिवाय गाठ सोडायची नाही.