केझायाच्या मधमाश्यांचं सुतक

केझाया पर्डी म्हणजे गरीब गाय, पण मेलीला खोटं बोलायला कधी जमलं नाही. नवरा, जेबेझ, इंग्लंडच्या राजाच्या फौजेत शिरला, तेव्हा ‘उत्तरेला डोंगरात जमीन बघायला गेलाय’ असं गावाला तिच्या वतीनं मीच सांगितलं. दुसरं काय करणार? आमच्या कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर राजाच्या शिपायाचं घर म्हणजे जप्ती. राजाची माणसं हुडकणारी गावाची समिती यायची, बायकापोरांना रस्त्यावर काढायची आणि लिलाव पुकारायची. माझा एकुलता एक पोरगा असाहेल राजाविरुद्धच्या पलटणीत, पण म्हणून काय शेजारीण टाकायची? तिच्या दोन्ही पोरी माझ्याच चुलीपाशी वाढल्या.

सफरचंदाला मोहोर आला त्या सुमारास एका कोळ्यानं खाडीपलीकडच्या राजाच्या छावणीतून निरोप आणला. जेबेझ गेला. तापानं गेला, धड गोळीनंसुद्धा नाही. केझायानं एप्रनचा बोळा तोंडात कोंबला. रडायचीही चोरी! रडली असती तर गावाचा पहिला प्रश्न, कळलं कुणाकडून?

मी बजावलं, “काळं नेसायचं नाही. डोळे सुजले तर कांदे चिरत बस.”

“आणि मधमाश्या, ऑर्फाकाकू?”

“त्यांचं काय आता?”

“धनी गेल्याचं त्यांना सांगायला नको? नाही सांगितलं तर उडून जातील. घराला लागेल ते.”

खरंच होतं. आमच्याकडे हे कुणी चुकवत नाही. मधमाश्या ज्या टोपलीत पाळतो तिच्यावर घराची किल्ली वाजवायची, कोण गेलं ते सांगायचं आणि टोपलीला काळी फीत बांधायची. मी म्हटलं, “सांग बाई, पण हळू. आणि फीत बांधलीस तर याद राख.” तिनं मान डोलावली.

सकाळी बघते तर चर्चचे डीकन आणि समितीचे पुढारी एलियाकिम दोन माणसं घेऊन तिच्या फाटकात. मी पिठाच्या हातांनी धावले. अगं बये! सगळ्यात मोठ्या टोपलीला काळी फीत!

“केझायाबाई, घरातलं कोण गेलं?” डीकननी विचारलं.

तिनं तोंड उघडलं. थोरली पोर तिच्या घागऱ्याला चिकटली. आता ही खरं बोलणार आणि दोन्ही पोरी आजच रस्त्यावर येणार. मी मध्ये घुसले.

“तिला काय विचारता? टोपली माझी आहे,” मी म्हटलं. “तिच्याकडे फुलं जास्त, म्हणून इथं ठेवलीय.”

“मग तुमच्याकडचं कोण गेलं?”

मला आहेच कोण? गावाला सगळं ठाऊक. “माझा असाहेल,” जीभ बोलून गेली.

डीकननी टोपी काढली. “मोठ्या कामी आला हो पोरगा,” म्हणाले आणि उंबरा न ओलांडताच परत गेले.

दुपारपर्यंत माझं घर भरलं. कुणी पाव आणला, कुणी सफरचंदाचा मुरंबा. केझाया माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. केवढी माया शेजारणीवर, असं बायका म्हणाल्या. रडू दे म्हटलं, नवऱ्यासाठी रडायला तिला दुसरी जागा तरी कुठं होती? मला मात्र एक घास गिळवेना. जिवंत पोराच्या सुतकाचा पाव तो.

सगळे गेल्यावर मी किल्ली घेऊन टोपलीपाशी गेले. “बायांनो, ते खोटं होतं. माझा असाहेल जिवंत आहे. ऐकलंत ना?” आत नेहमीसारखीच गुणगुण चालली होती. फीत सोडावी म्हटलं तर गावाचे डोळे होतेच.

हिवाळ्यापासून त्याची काही खबर नाही. रस्त्यावर घोड्याची टाप वाजली की माझ्या हातातलं भांडं सुटतं. केझाया रोज सकाळी दूध घेऊन येते, “येईल हो काकू, नक्की येईल,” म्हणते, आणि माझ्याकडे बघत नाही. मेलीला खोटं बोलायला अजून जमत नाही.