न तुटणारी धार

आयुष्यात दारूचा थेंबही न चाखता दिवसरात्र दारूचाच विचार करणारा माणूस उभ्या बंगळुरात एकच होता आणि माझं नशीब असं, की तो माझ्याच हॉस्टेलचा वॉर्डन निघाला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. कॉलेजात ते हायड्रॉलिक्स शिकवायचे, म्हणजे पाणी कुठून कसं वाहतं ते, आणि उरलेल्या वेळात आमच्या हॉस्टेलात काय काय वाहतं यावर लक्ष ठेवायचे. घर मूळचं बंगळुरातल्याच बसवनगुडीतलं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि परत जायचं विसरले, असं तेच सांगायचे. त्यामुळे मी सांगलीहून आलो तेव्हा कुणीतरी मराठी बोलणारं भेटलं या आनंदात पहिल्याच दिवशी त्यांच्याशी गप्पा मारायला गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं सरी. पण बॅगेत काय आणलायस?"

बॅगेत आईने दिलेली द्राक्षासवाची बाटली होती. अण्णांनी ती उजेडात धरून लेबल वाचलं आणि जप्त केली. हॉस्टेलच्या फाटकाशी पत्र्याच्या पाटीवर कन्नड आणि इंग्रजीत नियम रंगवलेला होता: जो विद्यार्थी आवारात मद्यपान करील किंवा करून येईल, त्याला हॉस्टेलातून काढण्यात येईल. नियम एवढाच होता, पण अण्णांनी त्याला इतके फाटे फोडले होते की मूळ नियम त्यांत दिसेनासा झाला होता. खोकल्याचं औषध वॉर्डनकडे ठेवायचं. दाढीनंतर लावायचं सुवासिक पाणी वापरायचं नाही, तुरटी फिरवायची. मेसमध्ये इडलीचं पीठ दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही, कारण आंबलेलं ते आंबलेलं, मग ते पिंपात असो की पातेल्यात. माझं द्राक्षासव मात्र त्यांनी फेकलं नाही. रोज जेवणानंतर मला आपल्या क्वार्टरवर बोलवून ते स्वतःच्या हाताने दोन चमचे पाजायचे आणि मी गिळलं की नाही ते तोंड उघडायला लावून बघायचे. बाटली संपली तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच सुटल्यासारखं झालं.

तेव्हा बंगळुरात जिकडेतिकडे पब निघत होते. शनिवार आला की आमची अर्धी वसाहत बसला लोंबकळत त्या दिशेने जायची. बाटल्या हॉस्टेलातही यायच्या. अण्णा रोज संध्याकाळी झडती घ्यायचे, पण तिची रीत और होती. आधी ते जिन्याखाली उभे राहून घसा खाकरायचे. मग छत्रीचं टोक प्रत्येक पायरीवर आपटत, एकेका मजल्यावर दम खात वर यायचे. ते आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत जे लपायचं ते लपलेलं असायचं आणि जो तो पुस्तकात डोकं खुपसून बसलेला असायचा. एकदा लपवायला जागाच उरली नाही, म्हणून आमच्या शेजारच्या खोलीतल्या मुलांनी रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून मनीप्लांट लावले. अण्णांनी खिडकीतली ती रांग न्याहाळली, एका बाटलीवरचं लेबल चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "झाडांची आवड चांगली रे. पण एवढी झाडं लावू नका. एकेका झाडाला फार पाणी लागतं." मुलं त्यावर आठवडाभर हसत होती आणि आठवड्यानंतर बाटल्या निम्म्या झाल्या होत्या.

त्यांची सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे नाक. अण्णा तपकीर ओढायचे. धोतरवजा पंचा, वर बाह्यांचा बनियन आणि कनवटीला तपकिरीची डबी, हा त्यांचा घरचा थाट. तपकिरीमुळे आपल्या नाकाला कसलाच वास कळत नाही, असं ते वर्गातसुद्धा जाहीरपणे सांगत. मग प्यालेला मुलगा ओळखायचा कसा? यावर त्यांनी स्वतःची परीक्षा शोधून काढली होती. संशय आला की मुलाला क्वार्टरच्या व्हरांड्यात बसवायचं. आतून त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, कढत फिल्टर कॉफी आणायच्या. स्टीलचा उंच पेला आणि त्याच्याखाली खोलगट वाटी, तिला तिकडे दवरा म्हणतात. मुलाने पेला कानापर्यंत उचलायचा, कॉफी खाली दवऱ्यात ओतायची, दवऱ्यातून पुन्हा पेल्यात. धार तुटता कामा नये आणि थेंब बाहेर पडता कामा नये. "माणूस खोटं बोलेल रे," अण्णा म्हणायचे, "पण धार खोटं बोलणार नाही." जमलं, की त्यांचा निकाल ठरलेला असे, आणि तो कन्नडातल्या 'ठीक'ने सुरू होई: "सरी. जा, खोलीवर जाऊन झोप."

या परीक्षेत सगळ्यात आधी नापास झालो मी. पहिल्याच आठवड्यात शहर बघायला गेलो, बस चुकली, धुळीने डोळे लाल झाले आणि धावतपळत फाटकात शिरताना पायरीला अडखळलो. अण्णा समोरच उभे. सांगलीत मी जन्मभर चहा प्यालो होतो, तोही बशीत ओतून. पेला कानापर्यंत नेला खरा, पण कॉफी कुठे गेली ते मला आजही सांगता येणार नाही. थोडी माझ्या मांडीवर, थोडी अक्कांच्या रांगोळीवर, आणि दवऱ्यात जी पडली ती चुकून. अण्णा घाबरेच झाले. "अय्यो! पहिल्याच आठवड्यात एवढी?" मी शपथा घेऊ लागलो, पण ते ऐकेनात. शेवटी अक्का फडकं घेऊन बाहेर आल्या. "अहो, सांगलीचं पोर आहे ते. त्याला कॉफी अशी ओतायला कुणी शिकवलं असणार? शुद्धीवरच आहे." अण्णांना ते पटलं, पण परीक्षेत खोट आहे हे काही पटलं नाही. त्यांनी मला शिक्षा दिली: रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून साध्या पाण्याने सराव करायचा. मनगट कसं ठेवायचं, ओतताना श्वास कसा धरायचा, हे ते मला समोर बसून शिकवत. हायड्रॉलिक्समध्ये मी जेमतेमच होतो, पण पाणी ओतण्यात मला त्यांनी तयार केलं.

उलट बंगळूरची मुलं. ती जन्मल्यापासून कॉफी अशीच ओतत आलेली. राजाजीनगरचा एक सीनियर होता, तो पबमधून तडक आला, भिंतीचा आधार घेत व्हरांड्यात पोचला, आणि पेला हातात येताच त्याचा हात असा स्थिर झाला की आम्ही बघतच राहिलो. डोळे मिटून त्याने ओतली. धार दोरीसारखी सरळ. अण्णांनी त्याची पाठ थोपटली आणि आम्हाला सांगितलं, "बघा. याला म्हणतात वळण." मग म्हणाले, "आता ती पिऊन टाक. सगळी. आणि स्वल्प बस इथे." तो तासभर बसला, अक्कांच्या हातचा भात जेवला आणि नंतर खोलीवर गेला. आम्ही अण्णांच्या भोळेपणाला मनसोक्त हसलो.

हे सगळं असंच चाललं असतं, पण आमच्या तिसऱ्या वर्षी नवे प्राचार्य आले. ते कडक होते आणि नियम पाळण्यासाठी असतो अशी त्यांची समजूत होती. पकडलेला मुलगा हॉस्टेलातून जाईलच, शिवाय त्या वर्षीच्या परीक्षेलाही बसणार नाही, असं त्यांनी पाटीवर नव्याने रंगवून घेतलं. फक्त वॉर्डनचा शेरा आणि सही असल्याशिवाय कारवाई होत नसे, एवढी एक जुनी अट राहून गेली होती. माझा रूममेट बेळगावचा. सरळ, भाबडा, आणि गणितात कायमचा अडकलेला. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. "एक वर्ष जरी वाया गेलं तरी दुकानात येऊन बसायचं," असं ते त्याला माझ्यासमोर सांगून गेले होते. त्याला दुकानाची इतकी धास्ती होती, की कुणी नुसता मीटरचा हिशेब काढला तरी त्याचा चेहरा उतरायचा.

एका रविवारी भर दुपारी प्राचार्य हॉस्टेल बघायला आले आणि बघून झाल्यावर अण्णांच्या व्हरांड्यात कॉफीला बसले. अक्कांनी मला मेसमधून खुर्च्या आणायला बोलावलं होतं, म्हणून मीही तिथेच होतो. तेवढ्यात फाटकातून माझा रूममेट आत आला. निकाल लागून त्याचं अडकलेलं गणित एकदाचं सुटलं होतं आणि त्या आनंदात सीनियर्सनी त्याला बिअर पाजली होती, आयुष्यातली पहिली. तो झुलत झुलत थेट व्हरांड्याकडे आला, प्राचार्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. "अण्णा, मॅथ्स सुटलं!" असं ओरडून त्याने अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

प्राचार्य उठून उभे राहिले. हा मुलगा प्यालेला आहे, शेरा लिहा, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "सर, मला वास कळत नाही. परीक्षा घेतल्याशिवाय मी कुणाला प्यालेला म्हटलेलं नाही." प्राचार्यांनी त्या परीक्षेबद्दल ऐकलं होतं. घ्या तर मग, माझ्यासमोर घ्या, ते म्हणाले आणि परत बसले. अक्कांनी कॉफी आणून ठेवली. रूममेटला मी भिंतीशी टेकवून बसवला. शुद्धीवर असतानाही त्याला तसं ओतणं कधी जमलं नव्हतं, कारण कॉफीचं नाव काढलं तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं. आता हा ओतणार, सांडणार, आणि उद्या बेळगावची गाडी धरणार, हे मला दिसत होतं.

"स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले. "पद्धतीप्रमाणे आधी मी दाखवतो." अशी काही पद्धत नव्हती. त्यांनी पेला उचलला, कानापर्यंत नेला. त्यांच्या हातून थेंब सांडलेला आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता, तो त्यांचा एकमेव गर्व होता. आणि त्यांनी ओतलं. सगळी कढत कॉफी त्यांच्या पायावर, पांढऱ्या पंच्यावर आणि प्राचार्यांच्या बुटांवर. दवरा कोरडाच राहिला. अक्का "अय्यो देवा" म्हणून पुढे झाल्या, पण अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं. पायाला चटका बसला होता, तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. "सर," ते म्हणाले, "माझ्या परीक्षेप्रमाणे मी प्यालेलो आहे. आधी माझ्यावर शेरा लिहितो, मग याच्यावर. दोन्ही पाठवा."

प्राचार्य लालबुंद झाले. हा काय पोरखेळ आहे, असं काहीतरी बोलले, बूट झटकले आणि निघून गेले. शेरा लिहिला गेला नाही. त्या संध्याकाळी हॉस्टेलभर अण्णांची कॉफी सांडल्याची टवाळी चालली होती, म्हातारा संपला म्हणून. त्यांनी ती मुद्दाम सांडली, असं मी एकदोघांना सांगायला गेलो, तर ते मलाच हसले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी रूममेटला बोलावलं. तो रडायच्या बेतात होता. अण्णांनी एवढंच विचारलं, "मॅथ्समध्ये किती पडले?" तो म्हणाला, "काठावर पास." "मग एवढी कशाला प्यालास? काठावरच्या माणसाने अर्धा ग्लास घ्यायचा." आणि त्याला जेवायला बसवलं. पुढच्या सहामाहीत वॉर्डनपद दुसऱ्या कुणाला देण्यात आलं. अण्णा क्वार्टर रिकामं करून बसवनगुडीच्या जुन्या घरी गेले. नवीन वॉर्डन मुलांच्या तोंडाचा वास घ्यायचे आणि त्या वर्षी तीन मुलं घरी गेली.

मला पुढे नोकरीही बंगळुरातच लागली, इंदिरानगरात. शहर एक आणि माणूस ओळखीचा, तरी अण्णांकडे जायला मला काही वर्षं लागली. गेलो तेव्हा ते खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, बरेच वाळले होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा पायावरचा जुना डाग दिसला. "तो बेळगावचा काय करतो?" पहिला प्रश्न तोच. पूल बांधतो, मी म्हणालो. अण्णांनी मान हलवली आणि तपकिरीची डबी चाचपली. ती उघडताना बघितलं, तर आत काहीच नव्हतं. अक्कांनी माझी नजर पाहिली आणि हसल्या. "ती पहिल्यापासून अशीच रे. कधी कुणासमोर रिकामंच बोट नाकाला लावायचे. नाक कसलं तिखट यांचं! फोडणी स्वल्प करपली तर रस्त्यावरून ओरडत यायचे."

मी अण्णांकडे पाहिलं. म्हणजे तो राजाजीनगरचा सीनियर, ते मनीप्लांट, प्रत्येक शनिवार, सगळं त्यांना कळत होतं. आम्ही ज्याला भोळेपणा म्हणून हसलो, त्याच्या आडोशाने किती मुलं शिकून बाहेर पडली होती. अण्णा मात्र खिडकीबाहेर बघत होते, जणू विषय दुसऱ्याच कुणाचा चालला आहे.

अक्का कॉफी घेऊन आल्या. अण्णांनी सवयीने पेला उचलला, पण त्यांचा हात आता खरोखरच थरथरत होता. कॉफी काठावर हिंदकळली. त्यांनी पेला खाली ठेवला आणि ओशाळून हसले. मी तो उचलला. मनगट त्यांनी शिकवलं होतं तसं धरलं, श्वास रोखला आणि कानापासून ओतली. धार सरळ दवऱ्यात उतरली, दवऱ्यातून तशीच पुन्हा पेल्यात आली. एक थेंब सांडला नाही. मी पेला त्यांच्या ओठांशी धरला. ते घोटभर प्यायले आणि वॉर्डनच्या जुन्या आवाजात म्हणाले, "सरी. जा, खोलीवर जाऊन झोप."