मेजरांचं गोड बोलणं

आष्ट्यातून बाहेर पडलं की ओढ्याच्या अलीकडं लालासाहेबांची उसाच्या रोपांची नर्सरी लागते. बोर्ड शोधत बसायची गरज नाही. कान उघडे ठेवायचे. "ट्रे उचला! सावलीत ठेवा म्हटलं न्हवं का? डोळं हायेत का शर्टाची बटणं?" असा आवाज रस्त्यापर्यंत आला की टेम्पो थांबवायचा, पत्ता बरोबर आहे.

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावाच्या लेखी ते मेजरच. आपल्याकडं फौजेत गेलेला प्रत्येक जण परत येताना मेजर होऊनच येतो, त्याला इलाज नाही. पेन्शन घेऊन पारावर गप्पा हाणत बसायचं सोडून या गड्यानं स्वतःच्या रानात शेडनेट उभं केलं, उसाच्या कांडीवरचा कोंबाचा एकेक डोळा ट्रेमध्ये लावून रोपं करायला सुरुवात केली आणि धंद्याचा असा काही जम बसवला की लांबलांबचे शेतकरी नाव घेत येऊ लागले.

आता खरं सांगायचं, तर हा जम बसवला तो बनुबाईंनी. हा सगळा बायकांच्या हातचा खेळ. ट्रे भरायचे, डोळा बेतानं दाबायचा, पाणी जपून मारायचं. बनुबाई पहिल्या दिवसापासून कामाला होत्या. बाकीच्या बायका त्यांच्याच शब्दावर येत. बनुबाई उठल्या की सगळी ओळ उठणार, हे मेजरांनाही ठाऊक होतं. म्हणून दिवाळीच्या तोंडावर बनुबाई हात धूत म्हणाल्या, "मेजर, सण झाला की मी काय यायची न्हाई," तेव्हा मेजरांच्या पायाखालची जमीनच सरकली.

"का वो?"

"आसंच."

बाईमाणूस "आसंच" म्हणालं की त्यात काहीतरी मोठं दडलेलं असतं. पण हे कळायला अंगात थोडी नरमाई लागते, ती मेजरांकडं कुठली? शेतकऱ्यांना रोपांचा शब्द देऊन बसलेले, आणि हाताखाली माणूस नसणार. जेवण गोड लागेना.

"तुमच्या तोंडानं घालवली," त्यांची बायको अक्काताई म्हणाली. तिनं लगोलग पुण्याला सुनेला फोन लावला. सून पूजा एका कंपनीत माणसं सांभाळायचंच काम करते. तिथं नव्या साहेबांना वाचायला पुस्तकं देतात म्हणे. तिनं त्यातली तीन मराठीतली धाडली: एक नेतृत्वाचं, एक माणसं ओळखण्याचं, एक बोलण्या-ऐकण्याचं. "मामा, तिसऱ्यापासून सुरू करा," ती फोनवर सासऱ्यांना म्हणाली, "आणि जरा सावकाश घ्या."

सावकाश हा शब्द फौजेत नसतो. मेजरांनी त्या तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच धड्यावर लाल पेन्सिलीनं रेघा ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जणू वरून हुकूम आलाय अशा थाटात, फाटकावर उभे राहिले.

"नमस्कार बनुबाई. कालचे ट्रे फार सुंदर भरले होते. मी तुमचा मनापासून आभारी आहे."

बनुबाईंच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

मग मेजर पुढच्या बाईकडं वळले. "आज तुम्हाला कसं वाटतंय?"

"आवं, मला काय झालंय?" ती बिचारी घाबरून दोन पावलं मागं सरली.

हे रोज सुरू झालं. आवाज खाली, तोंडावर हसू, प्रत्येकीचं नाव घेऊन कौतुक. एकीच्या हातून पाण्याचा पाईप निसटून सगळी कोवळी रोपं आडवी झाली, तर मेजर म्हणतात कसे, "असू द्या, यातून आपण काय शिकलो?" त्या बाईला घाम फुटला. रस्त्यावरनं टेम्पोवाले आवाज ऐकू न आल्यानं सरळ पुढं जायला लागले, आणि एकजण तर पार पुढच्या गावापर्यंत जाऊन परत आला.

जेवणाच्या सुट्टीत बायका भाकरी सोडायच्या आधीच हाच विषय. गोड बोलणारा माणूस काही त्यांनी पाहिला नव्हता असं नाही, पण हा माणूस? बनुबाईंनी शेवटी निकाल दिला. "दिवा विझताना मोठा हुतो, बायांनो. मेजरास्नी काय तरी लय वाईट झालंय."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

रविवारी दुपारी पूजा पुण्याहून आली होती. अक्काताई तिला शेंगा भाजून देत होती, तेवढ्यात अंगणात बायकांची रांग उभी राहिली. पुढं बनुबाई, मागं त्यांची नवी सून समीक्षा. हातात नारळ, पिशवीत मोसंबी, देवळातला अंगारा.

"मेजर," बनुबाईंनी डोळ्याला पदर लावला, "डाक्टर काय म्हणला? आमास्नी परकं समजू नगा."

मेजर आ वासून बघत राहिले. अक्काताईच्या हातातली शेंगांची परात कलंडली. "आवं, मला न सांगता कवा गेलावता डाक्टरकडं?" म्हणून तिनंही सूर लावला. कुणी कुणाचं ऐकेना. मग पूजा जी हसत सुटली, ती खांबाला धरून खाली बसली. तिनं आतून पुस्तक आणलं, लाल रेघा दाखवल्या, आणि सगळा उलगडा झाला. बायका आधी चिडल्या, मग त्याही हसायला लागल्या. मोसंबी परत न्यायची का, यावरही चर्चा झाली.

"वाच गं, काय काय लिवलंय बघू," बनुबाई समीक्षाला म्हणाल्या. पोरगी बारावी शिकलेली. तिनं मधलंच पान उघडलं आणि वाचलं, "चूक दाखवायची असेल तर चारचौघांत बोलू नये. त्या माणसाला एकटं बोलावून सांगावं."

त्या पानावर लाल रेघ नव्हती. मेजर तिथवर पोचलेच नव्हते.

बनुबाईंचं हसू मावळलं. त्यांनी विचारलं, "पूजा, मालकानं आमच्याशी कसं बोलावं ते हाय ह्यात. आमी मालकाशी कसं बोलावं, ते कुटं हाय?"

पूजानं अनुक्रमणिका चाळली. "ते नाही यात, मावशी."

"मग माज्याच तोंडानं बोलते. मेजर, तुमी वराडताय त्याचं मला काय न्हाई. माज्या कानाला सवय हाय. पर त्या दिवशी टेम्पोत दुसऱ्याच जातीची रोपं गेली, तवा तुमी मला हिच्याम्होरं बोललासा. सून नवी, कामावर नुकती आल्याली. सासूचं डोळं म्हंजे बटणं, हे तिनं ऐकलं. तवापास्नं घरात हिला काय सांगायला गेले की माजीच मला लाज वाटती."

मेजरांना तो दिवस आठवला. ट्रेची ओळ कोणती उचलायची ते त्यांनीच सांगितलं होतं, आणि चुकीची सांगितली होती. त्याच संध्याकाळी ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. जाऊ दे, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"समीक्षा," ते उठून उभे राहिले, "तुज्या सासूची चूक न्हवती. ओळ मीच चुकीची सांगितली. पूजा, तू हितं म्होरं ये. बनुबाई, आता माज्या सुनेम्होरं मला बोला. जसं मी बोललो तसंच. फिटंफाट हुंदे."

"आवं, न्हाई वो!" बनुबाईंनी पदर तोंडात धरला.

"बोला की आत्या!" समीक्षाच सासूला म्हणाली.

मग मात्र बनुबाईंनी पदर खोचला. "ओ मेजर! ओळ कोन्ची, माल कोन्चा, काय शुद्ध हाय का न्हाई? डोळं हायेत का शर्टाची बटणं? दुसऱ्याच्या नावानं बोंब मारायच्या आधी आपल्या पायाखाली बघावं मानसानं!" आवाज असा लागला की शेजारचे भिंतीवरनं डोकावले. मेजर छाती काढून, हात मांड्यांना चिकटवून, सावधान उभे होते. पूजा हसत होती आणि डोळेही पुसत होती. अक्काताई म्हणाली, "आनी जरा बोला, माज्या वाटचं बी बोला."

सोमवारी सकाळी मेजर फाटकावर आले, पण गोंधळलेले. आता ओरडायचं की गोड बोलायचं? बायका कामाला लागल्या. बनुबाई मात्र घमेलं न उचलता तशाच उभ्या, शेजारी समीक्षा.

"का वो? येनार न्हाई म्हनताय का अजून?"

"येनार हाय की. पर आजचं कौतुक ऱ्हायलं." बनुबाईंनी सुनेला हाताला धरून पुढं ओढलं. "हिच्याम्होरं करा."

मेजरांनी छाती भरून श्वास घेतला आणि परेडच्या आवाजात असं काही कौतुक केलं, की ओढ्यापलीकडनं येणारा टेम्पो जागच्या जागी थांबला.