हिरवं लुगडं

गोधडी उन्हात टाकली की तिला चुलीच्या धुराचा वास सुटतो आणि मला ती दुपार आठवते. सासूबाई गेल्यावर त्यांची सात लुगडी मी नवऱ्यासमोर मोजून मुळशीच्या धाकट्या जावेला गोधडीसाठी दिली होती. तिला गोधड्या शिवायचा भारी नाद. दिवाळीनंतर ती गोधडी घेऊन सूसला आमच्याकडे आली. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक होते, पण मी दोन्ही बाजूंची ठिगळं पाहिली आणि लुगडी सहाच भरली. सासूबाईंचं सणाचं हिरवं लुगडं कुठेच दिसेना. “हिरवं कुठं गेलं गं?” “आत हाय की, आक्का.” “एवढं चांगलं लुगडं आत कशाला?” “भाईर घातलं तर धुऊन धुऊन इटंल. त्यांचं सणाचं हाय, आत ऱ्हाऊ द्या.” मला पटलं नाही. “मग उसवून बगा,” ती म्हणाली, “पण पुन्यांदा मी शिवायची न्हाई.” मी कात्री आणली. कोपरा उसवला आणि आत हिरवा काठ दिसला. जाऊ चहा न घेताच निघाली. तो कोपरा मग मीच शिवला, लांब-लांब वाकड्या टाक्यांनी. परवा घडी घालताना बोटं तिथेच अडली. मला दिसला तो फक्त काठ होता. आत अख्खं लुगडं आहे का, हे मी अजून पाहिलेलं नाही.