लांगरीमामांचं घड्याळ

किती वाजले असं लांगरीमामांना विचारलं, तर ते सहसा सरळ वेळ सांगत नसत. मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "आत्ता चहाची बादली निघाली." किंवा, "आत्ता भाताचं पातेलं उतरलं." घड्याळ असं उलटं बांधायची सवय त्यांना फौजेत लागली होती आणि जेवणावरून वेळ ओळखायचीही तिथलीच. वीस वर्षं त्यांनी पलटणीच्या भटारखान्यात काढली. फौजेत स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात, तेच त्यांचं नाव होऊन बसलं. किसनराव हे नाव एकदा त्यांच्या रेशनकार्डावर वाचलं, तेव्हा मला वाटलं, कार्ड दुसऱ्याच कुणाचं आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चिकलठाण्यात आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर पत्र्याच्या शेडमध्ये खानावळ टाकली होती. मी कारखान्यात स्टोअरला होतो. डबा घरून न्यायचो, त्यामुळे आमची ओळख चहापुरती. आमचा मुलगा प्रकाश फौजेच्या भरतीत निवडला गेला, गाडीत बसून गेला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी हे गृहस्थ न बोलावता आमच्या दारात उभे राहिले. सिंधू, म्हणजे आमची मंडळी, चार दिवस धड बोलली नव्हती. मी तिची समजूत घालत होतो म्हणजे काय, तर नोकरी पक्की आहे, पुढे पेन्शन आहे, असलं काहीबाही सांगत होतो. मामांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मनगट उलटं केलं आणि म्हणाले, "ताई, सव्वासात झाले. आत्ता तुमच्या पोराच्या ताटात उडदाची दाळ पडली. चार पोळ्या घेतल्यात, पाचवी मागायला लाजायलंय. दोन दिवसांत लाज जाती."

सिंधूनं मान वर केली आणि विचारलं, "दाळीला फोडणी असती का हो?"

मग मामांनी फोडणीचं सविस्तर सांगितलं. प्रकाशला लसूण भरपूर लागतो, हे तिनं त्यांना सांगितलं. मामा इतक्या गंभीरपणे मान हलवत होते की उद्या जाऊन ते स्वतःच लसूण वाढवणार, असं वाटावं. त्या रात्री आमच्या घरात चूल नीट पेटली.

हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. चिकलठाण्यातलं, करमाडकडचं कुणाचं पोर फौजेत गेलं की त्यांना खानावळीत बातमी लागायची, आणि बरोबर चौथ्या दिवशी ते त्या घरी जायचे. चौथाच का, असं मी विचारलं होतं. पहिले तीन दिवस घरात पाहुणे असतात, कौतुक असतं, चौथ्या दिवशी घर रिकामं होतं, असं त्यांचं म्हणणं. सिंधूला ताई म्हटल्यामुळे मी आपोआप त्यांचा दाजी झालो, आणि दाजीची टर उडवायचा हक्क त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी खानावळ गिऱ्हाइकांना बंद असायची. त्या दिवशी फौजेतल्या पोरांच्या आईबापांचं जेवण. आम्ही त्याला लंगरच म्हणायचो. दहा जण येणार असले तरी स्वयंपाक पंचवीस माणसांचा व्हायचा, कारण "त्याच्याखाली माझा हात चालत नाय." एकदा हौसेनं त्यांना आमच्या घरी कढी करायला बसवलं, तर शेजारच्या चार घरांत दोन दिवस कढी चालू होती. लंगरचा बेत ठरलेला, राजमा, भात आणि शिरा. रविवारी पोरांना तिकडे हेच असतं, म्हणून आपणही हेच खायचं. आमच्याकडच्या बायाबापड्यांनी राजमा कधी तोंडात घातलेला नव्हता. करमाडच्या एका आजींनी पहिला घास घेतला आणि पोराला परत बोलवा म्हणाल्या. पण पुढच्या महिन्यात त्याच आजी वाटी पुढे करून बसल्या.

गंगापूरकडचे एक कापूसवाले शेतकरी तर मामांना एसटी स्टँडवर सापडले. पोराच्या पत्त्यात 'छप्पन एपीओ' लिहिलेलं, म्हणून ते धोतराच्या सोग्यात लाडू बांधून छप्पन एपीओची गाडी कुठून सुटते ते विचारत फिरत होते. कंडक्टर हसत होते. मामा हसले नाहीत. त्यांना शेडवर आणलं, जेवू घातलं आणि समजावलं की ते गाव नाही, फौजेच्या टपालाचा नंबर आहे, तिथं माणूस जाऊ शकत नाही, पण पत्र जातं. मग तिथंच बसवून पत्र लिहून घेतलं. लाडू आम्ही सगळ्यांनी खाल्ले, आणि तेही पत्रात लिहिलं.

पत्राबाबत मामा भारी कडक होते. घरचं रडगाणं लिहायचं नाही, पण खोटंही लिहायचं नाही. मग लिहायचं काय, असं कुणी विचारलं की म्हणायचे, गाय व्याली ते लिहा, दाजीनं सायकलवरून पडून पायजमा फाडला ते लिहा. माझा पायजमा खरोखरच फाटला होता, आणि ही बातमी बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर मोठ्यानं वाचली गेली, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या हिवाळ्यात प्रकाशची पलटण डोंगरात वर गेली आणि पत्रं थांबली. एक महिना गेला, दुसराही गेला. रस्ते बर्फानं बंद होतात, टपाल अडकतं, हे मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी कामात मन रमवलं. सिंधू वाळत चालली. नळावर पाणी भरताना तिला चक्कर आली, तेव्हा डॉक्टरकडे नेलं, ताकदीच्या गोळ्या आणल्या. तिनं काय आरंभलं होतं ते मला कळलंच नाही. मामांना कळलं.

पुढच्या लंगरला सगळे जेवून उठत होते आणि सिंधूचं ताट झाकलेलं, तसंच. मामा एक पातेलं पालथं घालून तिच्याजवळ बसले आणि काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "पोरगं बर्फात बसलंय मामा. मला गरम घास गिळत नाय." दोन महिने ती आम्हाला वाढून स्वतःचं ताट झाकून ठेवत होती आणि पार गार झाल्यावर दोन घास खात होती. मी रोज तिच्या शेजारी बसून जेवत होतो आणि मला तिचं ताट दिसलं नव्हतं. याची लाज मला अजून वाटते.

मामा घड्याळाकडे न बघता बोलले. "ताई, माझी मायबी असंच करायची. लेक बर्फात हाय म्हणून चार वरसं तिनं गार, शिळं खाल्लं. आन मी व्हतो लांगरी. अख्ख्या पलटणीत सगळ्यात गरम जेवण माझं. चुलीपुढं बसून घाम पुसायचो. पण मी सैपाक करतो, हे लिहायची मला लाज वाटली. पत्रात बंदूकच लिहिली. खरं लिहिलं असतं तर माय पोटभर जेवली असती. मी सुट्टीवर आलो, तवा ती नव्हती."

मामांनी सिंधूचं गार ताट उचललं आणि चुलीवरच्या पातेल्यातून वाफाळता भात, राजमा वाढून आणला. म्हणाले, "तुम्ही गार खाल्ल्यानं त्याचं ताट गरम व्हत नाय. जेवा." सिंधू रडत रडत जेवली, आणि दुसऱ्यांदा भात मागितला. मला त्या क्षणी मामांचे पाय धरावेसे वाटले, पण ते लगेच माझ्याकडे वळून म्हणाले की दाजी, बघत काय बसलाय, भांडी घासायला उठा.

थंडी सरताना पाच पत्रं एकदम आली. उन्हाळ्यात प्रकाश सुट्टीवर आला, काळा पडलेला, पण खांद्यात भरलेला. त्याला लंगरला नेलं. सिंधूनं कौतुकानं वाढलं, रविवारचा राजमा. तो म्हणाला, "रविवारी? आमच्याकडं तर राजमा बुधवारी असतो. आन वर चौकीवर कसला राजमा, तिथं डब्यातलंच. गरम करून मिळतं, एवढंच."

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामा कढईत शिरा हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "मला काय ठाऊक बाबा. फौजेतला झारा ठेवून मला पंधरा वरसं झाली. पर गरम मिळतं म्हनला का नाय?" सिंधू हसायला लागली. मामा सगळं अंदाजानंच सांगतात, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. एका रविवारी घड्याळ बघून त्यांनी प्रकाशच्या ताटात राजमा सांगितला होता आणि दुसऱ्या रविवारी चुकून छोले. तिनं मला कधी सांगितलं नाही, कारण मी लगेच जाऊन विचारलं असतं, असं तिचं म्हणणं. ते खरंच आहे.

पुढे जालना रोड रुंद झाला, शेड गेलं, आणि मामांचे गुडघेही गेले. ते गंगापूरकडे भाचीकडे राहायला गेले. आम्ही भेटायला जायचो तेव्हा ते अंगणात बसून भाचीला पंचवीस माणसांचं प्रमाण सांगत असायचे. दोन वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. तेराव्याला आईबापांची ती सगळी जुनी मंडळी जमली. करमाडच्या आजी आता नव्हत्या, पण त्या सांगून गेल्या होत्या म्हणून त्यांच्या सुनेनं राजमा करून आणला होता.

प्रकाश आता निवृत्त होऊन शहरातच नोकरी करतो. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या कुलकर्ण्यांची मुलगी फौजेत अधिकारी व्हायला गेली. वडील कोर्टात कारकून होते, घरात आजवर कुणी फौजेकडे फिरकलेलं नाही. ट्रेनिंगमध्ये मोबाईल जमा करून घेतात, त्यामुळे बोलणं नाही. पहिले तीन दिवस त्यांच्याकडे पेढे वाटणं चाललं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सिंधूनं मला चप्पल घालायला लावली.

कुलकर्णीबाई दिवा न लावता बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे, मोठा मान आहे, चांगला पगार आहे, असलं काहीतरी सुरू करणार, एवढ्यात सिंधूनं मला डोळ्यांनी गप्प केलं. मग तिनं मनगट उलटं केलं. मनगटावर घड्याळ नव्हतं, नुसत्या बांगड्या होत्या. त्या बांगड्यांकडेच नीट बघून ती म्हणाली, "सव्वासात झाले. आत्ता तुमच्या लेकीच्या ताटात उडदाची दाळ पडली."

कुलकर्णीबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "फोडणी असते का हो तिला?"